मानतो, मानत नाही, सांगता येत नाही

२०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘नास्तिक’ असे लिहवून घेणारे लोक सगळ्या देशात मिळून ३३,३०४ निघाले. त्यातले ९,६५२ महाराष्ट्रातले, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पण १२१ कोटींच्या देशात एकूण आकडा एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाच. आता दुसरी मोजणी पाहा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२०मध्ये भारतातल्या सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या ९७ टक्के लोकांनी देव मानतो असे सांगितले. उरलेल्या ३ टक्क्यांतले निम्मे उत्तर द्यायला का-कू करणारे धरले, तरी बाकीच्यांचा हिशेब कोटीच्या वर जातो. मग देव न मानणारे हजारांत आहेत की कोटींत? दोन्ही मोजण्या प्रामाणिक आहेत. फक्त दोघींनी मोजलेली गोष्ट एक नाही.

प्रगणकाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. सहा धर्मांना आकडे ठरलेले असतात, हिंदूला १ पासून जैनाला ६ पर्यंत. त्यापलीकडचे काही सांगितले तर ते नाव पूर्ण लिहायचे. दारात आलेला प्रगणक घाईत असतो आणि घरातले कोणीतरी एकजण सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. तो प्रश्न कुळाचा असतो, समाजाचा असतो, फार तर शाळेच्या दाखल्याचा असतो. देव आहे असे तुम्हाला वाटते का, हे तिथे कोणी विचारतच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या तीन ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या आहेत. त्या मनापासून पाळणारे घर जनगणनेत ‘बौद्ध’ सांगते, प्रगणक ५ लिहितो आणि पुढच्या दारी जातो. प्यूच्या पाहणीत बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असे सांगितले. ते त्या ३३ हजारांत कुठेच नाहीत.

आपल्याकडची जुनी वर्गवारी पाहिली तर तिथेही कसोटी देवाची नव्हती. वेदांचे प्रामाण्य मानतो तो आस्तिक, नाकारतो तो नास्तिक. त्यामुळे जगाला कोणी कर्ता ईश्वर हवाच असे न वाटलेले मीमांसक आस्तिकांच्या पंगतीला बसतात आणि जैन-बौद्ध चार्वाकांच्या शेजारी. व्याख्या बदलली की माणूस या पंगतीतून उठून त्या पंगतीत जातो. त्याच्या डोक्यात मात्र काहीच हललेले नसते.

म्हणून मोजायला बसण्याआधी तीन गोष्टी सोडवून घ्याव्या लागतात. माणूस कोणाचा, माणूस काय करतो, आणि माणसाला काय खरे वाटते. गणपती बसवणारा प्रत्येकजण देव मानतो असे नाही, आणि देव मानणारा प्रत्येकजण गणपती बसवतो असेही नाही. एवढेच काय, ‘काय खरे वाटते’ हेदेखील धर्माच्या खोक्यांत मावत नाही. प्यूच्याच पाहणीत कर्मविपाक मानणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंमध्ये ७७ टक्के होते आणि मुस्लिमांमध्येही ७७ टक्केच. गंगेच्या पाण्याने शुद्धी होते असे मानणाऱ्या ख्रिश्चनांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते.

तिसऱ्या गोष्टीतही पुन्हा दोन भाग आहेत. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला थांबवून ‘विठ्ठल आहे, हे विधान खरे की खोटे?’ असे विचारले, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्याचा विश्वास कोणावर तरी आहे, कशाच्या तरी खरेपणावर नव्हे. या भरवशाला मोजपट्टी लावण्याच्या फंदात मी पडणार नाही, कारण तशी धड मोजपट्टी अजून कोणी केलेली नाही. पण ‘अमुक असे आहे’ किंवा ‘अमुक केल्याने तमुक होते’ हे दुसऱ्या प्रकारचे मानणे मात्र बरेचसे मोजता येते. इथून पुढे त्याचाच विचार करू.

केंब्रिजचा फ्रँक रॅम्से हा गणिती १९३०मध्ये वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी वारला. त्याआधी १९२६मध्ये त्याने एका निबंधात या प्रश्नाला हात घातला होता. एखादी गोष्ट मानताना मनात काय होते, ते किती दाटून येते, याकडे त्याने पाठ फिरवली. ज्या गोष्टी आपण अगदी ठाम मानतो त्यांच्याबद्दल मनात बहुधा काहीच दाटून येत नाही, हे त्याचे निरीक्षण होते. जिना उतरताना पुढची पायरी तिथे आहे याबद्दल आपल्याला काय वाटत असते? काहीच नाही, आपण पाय टाकतो. तेव्हा मानणे मोजायचे तर त्या मानण्यावर माणूस काय पणाला लावतो ते पाहावे, असे रॅम्से म्हणाला. त्याने फाट्यावर उभ्या असलेल्या वाटसरूचे उदाहरण घेतले आहे. त्याचे मूळ गणित बाजूला ठेवून ते आपल्या आकड्यांत करून पाहू.

तुम्ही पायी एका गावाला निघाला आहात. फाटा आला. उजवीकडचा रस्ता बरोबर असावा असे वाटते. दूर शेतात एकजण खुरपत बसला आहे आणि त्याला रस्ता नक्की ठाऊक असणार. बांध ओलांडून त्याला विचारून परत यायला १५ मिनिटे जातील. न विचारता गेलात आणि रस्ता चुकला, तर २ तास फुकट. विचारायला जाल की नाही? तुमच्या मते चुकण्याची शक्यता आठात एक असेल तर न विचारण्याचा सरासरी तोटा २ तासांचा आठवा हिस्सा, म्हणजे नेमका १५ मिनिटे होतो. तोटा आणि खर्च तिथे बरोबरीत येतात. म्हणजे जो बांध ओलांडतो त्याची खात्री साडेसत्याऐंशी टक्क्यांच्या खाली आहे आणि जो तसाच पुढे चालू लागतो त्याची वर आहे. मग तो तोंडाने ‘शंभर टक्के हाच रस्ता’ म्हणो की ‘बघू, असेल’ म्हणो. शेतातला माणूस जवळ आणला, लांब नेला, की ही खात्री टक्क्या-दोन टक्क्यांच्या फरकाने पकडता येते.

या व्याख्येचा मोठा फायदा असा की न मानण्याचीही व्याख्या आपोआप होते. ‘देव आहे असे मला वाटत नाही’ या वाक्यात दोन वेगळी माणसे लपलेली असतात. एकाला देव नाही अशी खात्री असते, दुसऱ्याला फक्त देव असल्याची खात्री नसते. पहिला ‘नाही’वर पैज लावेल, दुसरा कदाचित कशावरच लावणार नाही. पैज पुढे ठेवली की दोघे वेगळे होतात. नुसत्या हो-नाहीच्या प्रश्नाने ते होत नाहीत.

मग तो दुसरा, कशावरच पैज न लावणारा, म्हणजे अज्ञेयवादी का? पुष्कळांना वाटते की मानणारा १०० टक्क्यांच्या टोकाला, न मानणारा शून्याच्या आणि अज्ञेयवादी बरोबर मध्ये ५०वर. हे सोपे चित्र चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे प्रयोगाने दाखवता येते. हा प्रयोग १९६१मध्ये डॅनियल एल्सबर्गने मांडला. पुढे १९७१मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रांना देऊन अमेरिकन सरकारची झोप उडवणारा तो हाच.

दोन मडकी घ्या. प्रत्येकात १०० गोट्या. पहिल्या मडक्यात ५० लाल आणि ५० काळ्या आहेत, हे तुम्हाला दाखवलेले आहे. दुसऱ्यातही लाल आणि काळ्याच आहेत, पण किती किती ते सांगितलेले नाही. न बघता एक गोटी काढायची. लाल निघाली तर १०० रुपये. कुठल्या मडक्यात हात घालाल? बहुतेक लोक पहिले मडके निवडतात. आता नियम बदलू. काळी निघाली तर १०० रुपये. तरीही बहुतेक लोक पहिलेच मडके निवडतात. इथे रॅम्सेचा हिशेब अडतो. लालसाठी दुसरे मडके नको, याचा अर्थ त्यात लाल निघण्याची शक्यता तुम्ही निम्म्याहून कमी धरता. काळ्यासाठीही ते नको, म्हणजे काळी निघण्याची शक्यताही निम्म्याहून कमी. दोन्ही मिळून १०० टक्के भरतच नाहीत, आणि तिसरा रंग तर मडक्यात नाही. तेव्हा ‘निम्मे-निम्मे आहे हे मला माहीत आहे’ आणि ‘किती आहे ते मला माहीत नाही’ या मनाच्या दोन निराळ्या अवस्था आहेत, आणि माणूस त्यांच्यासाठी निरनिराळी किंमत मोजतो. अज्ञेयवादाला स्वतःची जागा आहे ती इथे. तो ५०चा आकडा नव्हे. आकडा सांगायला दिलेला तो नकार आहे.

या नकारातही प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. अज्ञेयवादी हे बिरूद १८६९मध्ये लंडनमध्ये जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्लीने स्वतःसाठी तयार केले. भोवतालचे सगळे काही ना काही ठामपणे मानणारे, आणि आपल्याकडे तसे काहीच नाही, ही त्याची अडचण होती. त्याच्या लेखी ही काही श्रद्धा नव्हती, पद्धत होती. पुरावा जिथवर नेईल तिथवर जायचे आणि जे सिद्ध झालेले नाही ते निश्चित असल्यासारखे सांगायचे नाही. म्हणजे ‘अजून कळलेले नाही’. याहून वेगळा तो, जो म्हणतो हे कधी कळणारच नाही, माणसाच्या बुद्धीची धाव तिथवर नाही. आणि तिसरा, ज्याने हा प्रश्न मनाशी कधी घेतलेलाच नाही, पण कोणी विचारले की सभ्यपणे ‘सांगता येत नाही’ म्हणतो. माझ्या अंदाजाने या तिसऱ्यांची संख्या सगळ्यांत मोठी असावी. चौथाही एक आहे. बुद्धाच्या काळातला संजय बेलट्ठपुत्त परलोक आहे का, या प्रश्नावर ‘आहे असेही म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही, नाही असे नाही असेही म्हणत नाही’ अशा थाटाची उत्तरे देई. पाली ग्रंथांत असे बोलणाऱ्यांना हातातून निसटणाऱ्या माशाच्या नावाने ओळखले जाते. बौद्धांनी त्याची टिंगल केली आहे, पण बुद्धानेही असे काही प्रश्न अनुत्तरित ठेवलेच होते. फरक एवढाच की हे प्रश्न का बाजूला ठेवायचे, याचे कारण त्याने दिले.

हे चार कसे ओळखायचे? शेतातल्या माणसाला पुन्हा बोलावू. उत्तर माहीत असलेला कोणी उभा आहे असे सांगितले, तर ‘अजून कळलेले नाही’वाला बांध ओलांडायला तयार होईल. वेळ देईल, पैसे देईल. ‘कळूच शकत नाही’वाला जागचा हलणार नाही, कारण तिथे कोणाला काही ठाऊक असेल हेच त्याला मान्य नाही. ज्याने विचारच केलेला नाही तो म्हणेल, कशाला उगाच, चला पुढे. संजयाचे शिष्य काय करतील ते त्यांचे त्यांना माहीत.

आतापर्यंत आपण माणसाची परीक्षा घेत होतो. आता तो जे मानतो, त्याच विधानाची परीक्षा. याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८मध्ये पुण्यात केलेली फलज्योतिषाची चाचणी. घाटपांडे स्वतः एके काळी ज्योतिषाचा व्यवसाय केलेले, तर कुंटे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका मांडल्या. १०० मुले शाळेत हुशार म्हणून नावाजलेली आणि १०० मतिमंद. पत्रिकेवर नाव नाही, काही नाही. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले की प्रत्येकाला यांतल्या ४० पत्रिका सरमिसळ करून मिळतील, मूल हुशार की मतिमंद एवढेच प्रत्येकीवर सांगायचे.

या चाचणीतला खरा कस त्या ‘किती बरोबर आली म्हणजे पास’ या आकड्यात आहे. नुसता छापा-काटा करत गेलात तरी ४०पैकी २०च्या आसपास उत्तरे बरोबर येणारच. कधी २३ येतील, कधी १७. म्हणून पास होण्याची रेषा २८वर, म्हणजे ७० टक्क्यांवर ठेवली. निव्वळ नाणे उडवून २८ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता हजारात आठांच्या आसपास आहे. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, त्यातल्या २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची ४०पैकी २४ उत्तरे बरोबर होती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के. नाण्यानेही एवढेच केले असते.

समजा एकजण २८च्या पुढे गेला असता, तर ज्योतिष सिद्ध झाले असते का? नाही. हजारात आठ ही शक्यता एका माणसाची झाली. २७ जण बसले की त्यांतला एखादा तरी नशिबाने रेषा ओलांडण्याची शक्यता पाचात एक होते. तेव्हा त्याला नव्या पत्रिका देऊन पुन्हा बसवावे लागले असते. चाचणी घेणाऱ्यांना जो निकाल हवाहवासा वाटेल, त्यालाही हाच नियम लागू आहे. हे सांगायचे कारण, अंधश्रद्धेवर टाळ्या मिळवणारी पुष्कळ भाषणे ही पायरी गाळतात.

आणि इतके होऊन नेमके काय तपासले गेले? ‘केवळ पत्रिकेवरून मुलाची बुद्धी ओळखता येते’ हे एक विधान. विवाहयोग किंवा साडेसातीबद्दल ही चाचणी थेट काही सांगत नाही. निकालानंतर ‘खरे जाणकार ज्योतिषी यात उतरलेच नव्हते’ असे म्हणायला वाव असतोच, आणि ते म्हणणे खोटेच असते असेही नाही. पण तेच म्हणणे निकालाच्या आधी आले असते तर त्याला वजन असते. जाणकार कोण, त्याची किती उत्तरे चुकली तर आम्ही विधान सोडून देऊ, हे आधी लिहून द्यायचे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४मध्ये विज्ञानाची जी खूण सांगितली तिचा रोख हाच होता. कोणत्या निकालाने आपण चुकीचे ठरू हे विधानाने आधी कबूल केलेले असावे. माझ्या मते मानणाऱ्याला, न मानणाऱ्याला आणि कुंपणावर बसलेल्याला विचारण्याजोगा सगळ्यांत कामाचा प्रश्न हाच आहे: काय दिसले तर तुम्ही मत बदलाल? याला उत्तर देणारा माणूस कोणत्याही बाजूचा असो, त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

प्रार्थनेची चाचणीही याच वाटेने झाली. २००६मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन गट. पहिल्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, पण दोघांनाही आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नव्हते. तिसऱ्यासाठी केली आणि त्यांना तसे सांगितलेही. ३० दिवसांत गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात ५९. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे कळलेल्यांचेच जास्त बिघडले. ‘माझी तब्येत एवढी खालावली आहे का?’ या धास्तीने तसे झाले असावे, असा एक अंदाज आहे. यातून देव नाही असे ठरले का? अर्थातच नाही. अनोळखी माणसाने ठरावीक शब्दांत केलेल्या प्रार्थनेने महिनाभरातली गुंतागुंत कमी होते, एवढे विधान पडले. ज्या देवाबद्दल कोणतीच अपेक्षा ठेवलेली नाही, त्याची चाचणी करता येत नाही. पण मग त्याच्या असण्या-नसण्यावर रॅम्सेच्या वाटसरूचे एक पाऊलही इकडचे तिकडे होत नाही, हेही कबूल करावे लागते.

राहिला प्रश्न माणूस खरे सांगतो का, हा. प्रश्न कसा विचारला यावरच अर्धे उत्तर ठरते. गॅलप या जनमत पाहणी संस्थेने २०२२मध्ये अमेरिकनांना देव मानता की नाही, एवढेच विचारले तेव्हा ८१ टक्के ‘हो’ म्हणाले. पुढच्या वर्षी ‘खात्री नाही’ असा तिसरा पर्याय दिला, तेव्हा मानणारे ७४ टक्के भरले, खात्री नसलेले १४ आणि न मानणारे १२. वर्षभरात एवढ्या लोकांची श्रद्धा ढासळली असे मानण्यापेक्षा, बसायला खुर्ची ठेवली म्हणून काहीजण बसले हे जास्त संभवते.

जिथे नास्तिक म्हणवून घेण्याची लाज किंवा भीती वाटते तिथे आणखी एक युक्ती वापरतात. लोकांचे दोन गट करायचे. एका गटाला ‘मी शाकाहारी आहे’, ‘माझ्या घरी कुत्रा आहे’ अशा साध्या वाक्यांची यादी द्यायची आणि किती वाक्ये लागू पडतात तो फक्त आकडा विचारायचा, कोणती ते नाही. दुसऱ्या गटाला तीच यादी, पण तिच्यात ‘मी देव मानत नाही’ हे एक वाक्य जादा. दुसऱ्या गटाची सरासरी पहिल्यापेक्षा जेवढी जास्त, तेवढे न मानणारे. सरासरी २.० वरून २.२ झाली तर २० टक्के. कोणी कबुली दिली ते प्रश्न विचारणाऱ्यालाही कळत नाही. विल जर्वेस आणि मॅक्सीन नाज्ले यांनी याच रीतीने अमेरिकेतले प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास काढले, सरळ विचारण्यातून निघणाऱ्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. पण त्यांनी इमानदारीने आणखी एक यादी केली होती. तिच्यात, दोन अधिक दोन हे तेरापेक्षा कमी असतात हे मला पटत नाही, अशा अर्थाचे वाक्य घातले. तिथे उत्तर शून्याच्या आसपास यायला हवे होते, ते आले नाही. लोक यादी वाचतात, कंटाळतात आणि अंदाजे आकडा ठोकून देतात. म्हणून त्या २६ टक्क्यांकडेही जरा दुरूनच पाहावे.

तोंड बाजूला ठेवून शरीरालाच विचारले तर? फिनलंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्यांना काही भयंकर वाक्ये मोठ्याने वाचायला लावली. देवा, हिंमत असेल तर माझ्या आईवडिलांना बुडवून दाखव, अशा धाटणीची. वाचताना तळव्याला सुटणारा घाम यंत्राने मोजला. न मानणाऱ्यांनी सांगितले की आम्हाला विशेष काही वाटले नाही. घाम मात्र दोघांना सारखाच फुटला. या निकालाचा आधार घेऊन ‘बघा, आतून सगळेच आस्तिक’ असे म्हणणारे निघाले. मला ते पटत नाही. एक तर प्रयोगातली माणसे मोजकीच होती. दुसरे, आपल्याकडे घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे ऐकत वाढलेला माणूस पुढे भौतिकशास्त्रात पीएचडी झाला तरी आईच्या मरणाबद्दल चेष्टेत बोलताना त्याची जीभ अडखळते. भिंती बोलतात असे त्याला वाटते म्हणून नव्हे. लहानपणी लागलेले वळण आणि आज पटलेले मत यांची दप्तरे वेगळी असतात, आणि घाम बहुधा पहिल्या दप्तरातून येतो.

मग वागणूक तरी नक्की सांगते ना? सांगते, पण कोणाबद्दल ते पाहावे लागते. जपानमध्ये साठ वर्षांतून एकदा येणाऱ्या ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-अश्वाच्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचा घात करते, असा समज आहे. १९६५मध्ये तिथे १८ लाखांवर मुले जन्मली. १९६६ हे हिनोए-उमाचे वर्ष, त्या वर्षी १३ लाख ६१ हजार. १९६७मध्ये १९ लाखांच्या वर. चक्क एक चतुर्थांश जन्म एका वर्षापुरते गायब झाले. याहून ठसठशीत आकडा कुठल्याही पाहणीत मिळणार नाही. पण जपानमधल्या चौथ्या हिश्श्याच्या जोडप्यांनी घोड्याची ती गोष्ट खरी मानली होती असे यावरून म्हणता येईल का? त्यांना एवढेच वाटले असले तरी पुरे की वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या मुलीला पाहायला येणारी माणसे ते मानत असतील.

हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. ‘आम्ही मंगळ वगैरे काही मानत नाही हो, पण मुलाकडचे मानतात,’ असे म्हणत मुलीची आई पत्रिका दाखवायला जाते. मुलाची आईही दुसऱ्या एखाद्या खोलीत अगदी हेच म्हणत असते. दोघी मानत नाहीत, दोघी पत्रिका जुळवतात, आणि ज्योतिषाचे दोघींकडून पैसे होतात. पैजेच्या कसोटीवर दोघी मानणाऱ्या ठरतील. रॅम्सेच्या मोजपट्टीची मर्यादा ही आहे. कृतीतून मत वाचायचे तर त्या माणसाला काय हवे आहे आणि इतर काय मानतात असे त्याला वाटते, या दोन्ही गोष्टी आधी हिशेबातून वजा कराव्या लागतात. कधी कधी ते सोपे असते. विवाह नोंदणी करताना दोन्ही आयांना वेगवेगळे बसवून विचारावे, ‘समोरचे मानत नाहीत असे त्यांनी लिहून दिले, तर तुम्ही पत्रिका बघाल का?’ जी तरीही ‘बघीन’ म्हणेल ती मानते.

महाराष्ट्रात हा सगळा गुंता एकदा कायदा करणाऱ्यांच्या टेबलावर आला होता. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा हवा, पण अंधश्रद्धा म्हणजे काय आणि श्रद्धा कुठे संपते, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांची हत्या झाली, चार दिवसांनी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, पण अंधश्रद्धा हा शब्द नाही. कायद्याने कोणाच्या मनातल्या मताची व्याख्या करण्याचा नाद सोडला आणि शेवटी बारा कलमांचे एक परिशिष्ट जोडले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बोटांनी शस्त्रक्रिया करतो असे सांगणे, गर्भातल्या बाळाचे लिंग बदलून देण्याचा दावा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. मांत्रिकाला आपल्या मंत्राची मनापासून खात्री होती का, हा प्रश्न त्या नोंदीत कुठेच येत नाही. माणसाला साप चावला का, त्याला दवाखान्यात जाऊ दिले नाही का, एवढे पाहायचे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू नाही असेही त्यात वेगळे नोंदवले आहे. त्याच सवलतींच्या यादीत वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांनी दिलेला सल्ला, आणि विहिरीसाठी पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्या पाणाड्यांचा सल्लाही आहे.